पद्मिनीचा मागचा अ‍ॅक्सल: सील बदललं, पण आधी ब्रीदर उघडला

आमच्या १९८२ च्या प्रीमियर पद्मिनीखाली, म्हणजे जुन्या फियाटखाली, पुठ्ठा अंथरलेला असतोच. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर डाग पडला की सेक्रेटरींचा फोन येतो, त्यावरचा हा इलाज. यंदा डाग मागे सरकला आणि वासही बदलला. इंजिन ऑइलचा नव्हे, गंधकासारखा उग्र, म्हणजे गिअर ऑइलचा. आता गळती गिअरबॉक्सच्या शेपटाकडची की डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याची? खाली सरपटत जाऊन बॅटरी मारली, तर पिनियनच्या फ्लँजच्या (प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलला जोडणाऱ्या चकतीच्या) नेमक्या वर, बॉडीच्या पत्र्यावर ऑइलचा आडवा पट्टा उमटलेला. फिरती फ्लँज ऑइल भिरकावते त्याची ही खूण. उभ्या गाडीखाली चार थेंब दिसले म्हणून गळती थोडीच आहे असं समजू नका. खरं ऑइल जातं ते पळत्या गाडीतून.

गॅरेजवाले अशा वेळी थेट नवीन सील (फिरत्या भागाभोवती ऑइल अडवणारं रबरी कडं) ठोकतात आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी परत येते. सील का हरलं ते आधी बघावं, या मताचा मी आहे. फ्लँज हातात धरून वर-खाली हलवली. खेळ नाही, म्हणजे पिनियनचं बेअरिंग शाबूत. मग अ‍ॅक्सलच्या नळीवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी, काढला. तिथे मुंबईच्या दोन-चार पावसाळ्यांचा चिखल सुकून दगड झालेला! गाडी पळाली की हाऊसिंगमधलं ऑइल तापतं, हवा फुगते, आणि ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून ऑइल घेऊनच बाहेर पडते. रॉकेल आणि बारीक तार, एवढ्यात ब्रीदर मोकळा झाला.

सील आणायला कुर्ल्याला गेलो. प्रीमियरचा कारखाना तिथलाच. आता त्या जागेवर टॉवर उभे आहेत, पण प्रीमियर रोड हे नाव टिकून आहे. दुकानदाराने धूळ झटकून एक पाकीट पुढे केलं.

"साहेब, एकदम ओरिजिनल. कंपनी चालू होती तेव्हाचं."

"मग तर नकोच, दादा. रबर बघा, कडक झालंय."

तो हसला आणि आतून ताजा माल काढला. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ते आकडे पुसले असतील तर व्हर्नियरने मोजून जा. ‘फियाटचं द्या’ एवढ्यावर भागत नाही.

पिनियनचा नट सोडायच्या आधीचं काम सगळ्यात महत्त्वाचं. चाकं अधांतरी, गाडी स्टँडवर, हँडब्रेक सुटा, प्रोपेलर शाफ्ट बाजूला. फ्लँजला दोरी गुंडाळली आणि बॅगा तोलायच्या काट्याने ओढून ती किती जोराने फिरते ते लिहून ठेवलं. नट, फ्लँज आणि पिनियनचं टोक यांवर एका रेषेत पंचने खुणा केल्या, नटाबाहेर किती आटे दिसतात तेही मोजलं. बेअरिंगवरचा दाब या नटावर ठरतो. आत चेपला जाणारा स्पेसर असेल आणि नट जास्त आवळला, तर सैल करून तो दाब पूर्ववत होत नाही. अ‍ॅक्सल उघडावाच लागतो. हातात हवेवर चालणारी, नट आवळायची एअर गन असली तरी इथे ती बाजूला ठेवा.

फ्लँज पुलरने आली. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख अडकेल एवढी खोबणी पडलेली. नवीन सील त्याच खोबणीत बसवलं असतं तर पैसे पाण्यात. टर्नरकडून त्यावर स्लीव्ह (पातळ धातूची नळी) चढवून घेता येते, पण आमच्या हाऊसिंगमध्ये जागा होती. म्हणून सील तळाला न टेकवता दीडेक मिलिमीटर बाहेर ठेवलं, ओठाला कोरा पृष्ठभाग मिळाला. त्या भागावर बारीक एमरी फिरवली ती गोलाकारच. उभे ओरखडे म्हणजे ऑइलला आयती वाट. सीलची स्प्रिंग आतल्या, ऑइलच्या बाजूला. स्प्रिंगच्या खाचेत ग्रीस भरलं की ठोकताना ती उडत नाही. ओठालाही ग्रीस. सपाट लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी हलके ठोके. फ्लँज ज्या खाचांवर बसते त्या स्प्लाइनमधूनही ऑइल झिरपतं, म्हणून वॉशरखाली सीलंट लावलं. नट खुणेवर आला, काट्याचा आकडा आधीपेक्षा किंचित वर. नव्या सीलची पकड, तेवढं चालतं.

ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. डिफरन्शियलचे हायपॉइड दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना ईपी, म्हणजे जबर दाब सोसणारं ऑइलच लागतं. गाडी सपाटीला ठेवून फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं.

ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने ठाण्यापर्यंत जाऊन आलो. पत्रा आधी पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली होती. ती तशीच कोरडी. डाव्या मागच्या ड्रमच्या कडेला मात्र ओल दिसते आहे. हब सील असावं. पुढच्या रविवारी ड्रम उघडतो. लायनरला ऑइल लागलं असेल तर ब्रेक शूही बदलावे लागतील.