खून, इतिहास आणि प्रेमाचा एक धागा

शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने गुरुजनांविषयी लिहावं असा रिवाज आहे, आणि ते ऋण आहेच. ही पानं मात्र आज शाळेत असलेल्या, वाचनालयाच्या कपाटापुढे उभं राहून कोणतं पुस्तक न्यावं याचा विचार करणाऱ्या मुलामुलींसाठी आहेत. इतिहासाच्या तासाला सनावळ्या भेटतात, मराठीच्या तासाला माणसं. या दोघांना एकत्र आणणारा कादंबरीचा एक प्रकार आहे: जुन्या काळात घडलेला खून, त्याचा शोध, आणि सोबत थोडं प्रेम. ती नीट कशी वाचावी हे एकदा कळलं तर तिचा आनंद दुप्पट होतो.

आजच्या काळातल्या रहस्यकथेत प्रश्न असतो, खुनी कोण? इथे त्याच्याआधी दुसरा प्रश्न येतो: त्या काळात हे कळणार कसं? कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय १८९७ साली निघालं. रक्तगटांचा शोध १९०१ सालचा. त्याआधीच्या कथेत शोध घेणाऱ्याजवळ डोळे, नाक, कान, माणसांची पारख आणि प्रश्न विचारण्याची हिंमत एवढंच भांडवल असतं. म्हणून अशा कादंबरीचा काळ पहिल्या पानावरच हेरावा. सन दिला नसेल तर राज्य कुणाचं, नाणं कोणतं, प्रवास कशाने, यावरून तो बांधता येतो.

सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते विषाकडे. सोमल, म्हणजे आर्सेनिक, पोटात गेला की उलट्या, जुलाब, पायांत गोळे येतात. पटकीतही, म्हणजे कॉलऱ्यातही, हेच होतं. जुन्या गोव्याच्या शहरात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या औषधींवरच्या ग्रंथात या रोगाचं वर्णन केलं आहे. ज्या शहरात साथी येत-जात, तिथे सोमल देणारा माणूस साथीचीच वाट पाहणार. मृतदेहातला सोमल खात्रीने दाखवणारी जेम्स मार्शची कसोटी १८३६ सालची आहे. सोळाव्या शतकातला वैद्य भांड्यात काहीतरी उकळून ‘सोमलच’ असं ठासून सांगू लागला, तर लेखकाने तिथे काळाची पायरी चुकवली असं समजावं.

धोतऱ्याची गोष्ट वेगळी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, माणूस असंबद्ध बडबडतो, आणि वाचलाच तर मधलं काही त्याला आठवत नाही. धोतरा देऊन लुटणाऱ्यांची माहिती ओर्ता देतो. पुढे १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन तर लिहितो की, इथल्या काही बायका नवऱ्याला धोतरा पाजून आपल्या प्रियकराला भेटत. खून आणि प्रेम एकाच पेल्यात कसे येतात, याला याहून चांगला दाखला मिळणार नाही. तिसरा आपल्या रानातला काजरा, म्हणजे कुचला: त्याने झटके येतात, शरीर धनुष्यासारखं वाकतं, शुद्ध मात्र बराच वेळ राहते. तो जहाल कडू असतो. तेव्हा साध्या दुधातून काजरा दिल्याचं कुणी सांगितलं तर ते पटू नये. कडू काढा रोज कोण घेत होतं, ते मागच्या पानांत शोधावं.

मग येतो मृतदेह. आपल्या हवेत ताठरपणा लवकर येतो आणि लवकर उतरतो, त्यामुळे मृत्यूची वेळ सांगणारा पुरावा लवकर पुसला जातो. शिवाय हिंदू घरात दहन त्याच दिवशी. एकदा चिता पेटली की शोध घेणाऱ्याच्या हाती उरतात फक्त माणसांच्या आठवणी. चर्चच्या आवारात पुरलेल्याचं तसं नाही. केसांत आणि नखांत सोमल वर्षानुवर्षं राहतो, आणि एकोणिसाव्या शतकातली कथा असेल तर थडगं उघडून तो दाखवता येतो. मेलेल्याचा धर्म कोणता यावरून कथानकाची चाल बदलते, हे गोव्याच्या पार्श्वभूमीवरच्या कथेत फार सुंदर वापरता येतं. तसंच सरहद्दीचं. सतराव्या शतकात, जुनं गोवा शहर ज्यात आहे त्या तिसवाडीतून बाणस्तारीची खाडी ओलांडली की पलीकडच्या फोंडा महालात पोर्तुगीजांचा अंमल नव्हता. होडीतून खाडी पार करायची, की खुनी दुसऱ्याच राज्यात.

साक्षीदाराची परीक्षा तिथीवर घ्यावी. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, उशिरा. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास येतो. त्या रात्री ‘नऊ वाजता चांदण्यात त्याचा चेहरा पाहिला’ म्हणणारा खोटं बोलतो आहे. मांडवी नदीच्या भरती-ओहोटीचा हिशेबही याच चंद्रावर चालतो.

प्रेमाविषयी माझं मत ठाम आहे. ते थोडंच असावं, पण त्याने काम करावं. त्यातून खुनाचं कारण मिळावं, किंवा कुणी खोटी साक्ष द्यावी, किंवा शोध घेणाऱ्याची नजर झाकोळावी. यातलं काहीच होत नसेल तर ते प्रकरण काढूनही कादंबरी तशीच उभी राहते, म्हणजे ते वरून चिकटवलेलं आहे. काळ इथेही मदत करतो. लिस्बनहून निघालेली जहाजं सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत आणि परतीची डिसेंबर-जानेवारीत सुटत. इथून गेलेल्या पत्राचं उत्तर यायला दीड वर्षाहून अधिक लागे. ‘माझी बायको तिकडे वारली’ असं सांगून इथे लग्न करू पाहणाऱ्या कप्तानाला तेवढी मुदत मिळते. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा इथे लागू झाल्यावर, वेगळा करार नसेल तर लग्नाने जोडीदाराचा मिळकतीत अर्धा वाटा होत असे. त्यानंतरच्या कथेत भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, एकुलत्या एक मुलीवर जीव टाकणारा तरुण प्रेमी असतो आणि संशयितही, आणि तो नक्की कोण हे शेवटपर्यंत उकलत नाही.

वाचताना वहीचं एक पान पुरे. डाव्या बाजूला नाव आणि नातं, मधे खुनाच्या वेळी कुठे होता, उजवीकडे हे कुणी सांगितलं. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण लेखक खोटी माहिती स्वतःच्या तोंडून देत नाही, पात्राच्या तोंडून देतो. पुस्तकाचा तीन-चतुर्थांश भाग संपला की थांबावं आणि खुन्याचं नाव, कारण आणि साधन लिहून ठेवावं. कथा गोव्यातली असेल तर तिसवाडी आणि फोंड्याचा नकाशा जवळ असू द्यावा.

लेखकाच्या चुकांना किती माफी द्यायची? १५१०च्या आधीच्या गोव्यात आमटीला लाल मिरचीची फोडणी पडली, तर खटकतं, कारण मिरची पोर्तुगीजांनी आणली; पण त्यावर उकल अवलंबून नसेल तर पुढे जावं. १८९०च्या पणजीत खुन्याला फाशी होते, हे मात्र माफ करू नये. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांची फाशी १८६७ साली रद्द केली आणि १८७० साली वसाहतींतही. फाशीच्या भीतीवर बेतलेला कबुलीजबाब तिथे कोसळतो.

खुनी कळल्यावर पुस्तक लगेच परत करू नका. पहिली पन्नास पानं पुन्हा वाचा. त्या वेळी नुसतं वर्णन वाटलेलं वाक्य, काढ्याचा कडूपणा, तिथीचा उल्लेख, दोघांची एक ओझरती नजर, आता पुरावा म्हणून वाचता येतं, आणि लेखकाने ते किती उघड्यावर ठेवलं होतं हे दिसतं.