एमआयटीचं बिनखिडकीचं चॅपल

बहीण बॉस्टनला असते, यावेळी तिच्याकडे गेलो तेव्हा नदीपलीकडे जाऊन एमआयटी या तंत्रविद्यापीठाचं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बघायचंच असं ठरवलं होतं, आणि दहा मिनिटं म्हणून आत शिरलो तो तासभर उठलोच नाही.

बाहेरून म्हणाल तर विटांचं एक मोठं पिंप! 50 फूट व्यास, तीसेक फूट उंची, खिडकी एकही नाही, भोवती पाण्याचा उथळ चर. विटा मुद्दाम खडबडीत, वाकड्यातिकड्या निवडल्यात, त्यामुळे भिंतीवरून हात फिरवावासा वाटतो. समोर तीन टोकांवर टेकलेलं क्रेस्गी ऑडिटोरियम, तेही चॅपलचा आर्किटेक्ट एरो सारिनेन याचंच, दोन्ही 1955 ची. युद्धानंतर एमआयटीत असं वाटू लागलं होतं की पोरांना नुसतं इंजिनिअरिंग शिकवून भागायचं नाही, तिथलं शिक्षण कसं असावं हे बघणाऱ्या 1949 च्या लुईस कमिटीनेही तेच म्हटलं, त्या वातावरणात या इमारती आल्या.

काचेच्या बोळातून आत गेलं की आधी अंधारच वाटतो. मग वरच्या गोल झरोक्यातला उजेड दिसतो, खाली पांढऱ्या संगमरवराचा साधा ठोकळा, आणि त्याच्यामागे शिल्पकार हॅरी बर्टोयाने तारांना लावलेले धातूचे बारीक बारीक तुकडे, उजेड ठिबकत खाली आल्यासारखे. फोटो सगळे याचेच काढतात.

मला मात्र दुसरा उजेड जास्त आवडला. बाहेरची भिंत गोल पण आतली नागमोडी, दोन्हींच्या मधल्या फटीत तळाशी काच आहे, चरातल्या पाण्यावर पडलेलं ऊन कमानींखालून त्या काचेतून वर येतं आणि विटांवर हलत राहतं. सारिनेन विद्यार्थी असताना ग्रीसमध्ये स्पार्टाजवळच्या डोंगरातल्या एका गावात रात्री बसला होता, डोक्यावर लख्ख चांदणं आणि क्षितिजाकडे मंद उजेड, ते त्याच्या मनात राहिलं आणि इथे उतरलं. एक रात्र इतकी वर्षं जपून ठेवायची आणि मग ती विटांत बांधायची, मला तर हे फार थोर वाटतं.

चॅपल सगळ्या धर्मांच्या लोकांसाठी आहे. मी बसलो होतो तेव्हा एक मुलगी मांडी घालून डोळे मिटून बसली होती, पलीकडे एक आजोबा जपमाळ ओढत होते. मधेच ढग आला, भिंतीवरचं पाणी विझलं, आणि दोन मिनिटांनी परत हलायला लागलं.