विटकरी कड

थंडीच्या गोधड्या माळ्यावर टाकायच्या म्हणून परवा दुपारी कपाटाचा खालचा खण उपसला आणि हाताला वाइनची बाटली लागली. जुन्या सुती साडीत गुंडाळलेली, आडवी. आडवीच ठेवायची, बूच ओलं राहायला हवं.

ही सेंतेमिल्योंची. फ्रान्समधल्या बोर्दोहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत येणारं, चुनखडीच्या टेकडीवरचं गाव. पायाखालचा दगड काढून वर घरं बांधली, खाली पोकळी उरली तिथे वाइन ठेवली. भर मे महिन्यात त्या तळघरात मला शाल आठवली. दुकानदाराने २००५ची बाटली मेणबत्तीच्या उजेडात धरून सावकाश ओतली. मानेपाशी साका दिसला तसा हात थांबला. लोणी कढवून तूप ओतताना बेरीपाशी आईचा हात असाच थांबायचा.

मग पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून त्याने कड दाखवली. कोवळी वाइन जांभळट दिसते. मुरत गेली की कडेपासून विटकरी होत जाते. द्राक्षं मर्लो जातीची जास्त, थोडी काबेर्ने फ्रां. ओली पानं, चामडं, तंबाखू, असं काहीबाही तो वासातून काढून दाखवत होता. मला आजीची लिंबाची बरणी आली.

काळं कुळकुळीत झालेलं लिंबू. तापातून उठलं की मऊ भाताबरोबर एक फोड, एरवी नाही. बाबांच्या मुंजीच्या वर्षी घातलंय म्हणे. कुणी मागितलंच तर "अजून मुरायचंय." एकदा मी त्यात ओला चमचा घातला. आजी ओरडली नाही. दादरा सोडून बरणी उन्हात नेऊन ठेवली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिथे चव घेऊन बादलीत थुंकायची रीत. शेजारचे लोक सफाईने पिचकाऱ्या मारत होते. मला ताटातली चटणी टाकवत नाही; शंभर युरोंच्या वरची वाइन काय थुंकणार? गिळली. तुरट होती, पण आवळ्यावर पाणी प्यावं तशी मागून गोड. "अजून दहा वर्षं सहज राहील," तो म्हणाला. दहा वर्षांनी मी सत्तरीची, हे काही त्याला सांगितलं नाही. किंमत ऐकून हे बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले होते, तेवढ्यात घेऊन टाकली.

आता पुण्यात एप्रिल. या उकाड्यात वाइन मुरत नाही, शिजते. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे देवघराखालचं कपाट, तिथे कशी ठेवणार! दर रविवारी उघडायची ठरते. मग वाटतं, लेक येऊ दे. मग वाटतं, दिवाळी.

आजी गेली तेव्हा बरणीत अर्धी लिंबं होती. तेराव्यानंतर ती कुणी नेली, का ओतून टाकली, आता कुणालाच सांगता येत नाही.

उठले, बाटली घेऊन तडक स्वयंपाकघरात गेले. सगळे खण धुंडाळले. बूच काढायचा स्क्रू आमच्या घरात नाहीच.