टाके पडल्यापासून निघेपर्यंत : माझा अनुभव

ऑपरेशनच्या दिवशी कुत्र्याला सगळेच जपतात. कसोटी लागते ती चौथ्या-पाचव्या दिवसापासून. भूल उतरलेली असते, वेदनेच्या औषधाने आराम पडलेला असतो, शेपूट हलायला लागते आणि स्वारी सोफ्यावर उडी मारायच्या बेतात असते. कातडी मात्र तेव्हा निव्वळ टाक्यांच्या जोरावर टिकून असते. वरच्या कडा जुळल्यासारख्या दिसल्या तरी आतल्या थरांना ताकद यायला कित्येक आठवडे लागतात. मी पाहिलेले बहुतेक उसवलेले टाके याच मधल्या दिवसांतले, आणि कारणं फिरून तीच: जीभ, धावपळ आणि ओल.

पहिल्या रात्री मात्र जखमेपेक्षा भुलीकडे लक्ष ठेवावं लागतं. गुंगी १२ ते २४ तास राहू शकते. अंथरूण जमिनीवरच घालावं, पायऱ्यांपासून लांब, कारण उठताना तोल जातो. अंग गार पडतं म्हणून पांघरूण द्यावं, पण गरम पिशवी थेट अंगाला लावू नये. गुंगीतल्या कुत्र्याला चटका बसला तरी ते बाजूला सरकत नाही. पाणी थोडं थोडं, आणि पूर्ण शुद्धीवर आल्यावर नेहमीच्या निम्मं खाणं. एखादी उलटी झाली तर घाबरायचं कारण नाही. श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे एक-दोन दिवस कोरडा खोकला येतो. दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी चालतं, पोट रिकामंच असतं. लघवी मात्र २४ तासांत व्हायला हवी.

रात्रीचं कण्हणं नेहमीच दुखण्याचं नसतं. भुलीमुळे कण्हणारं कुत्रं हात लावला न लावला तरी एका सुरात कण्हत राहतं आणि काही तासांत शांत होतं. दुखत असलेलं कुत्रं सारखी कूस बदलतं, पाठीला बाक काढून उभं राहतं, उकडत नसतानाही धापा टाकतं, जखमेच्या बाजूला हात गेला की वळून बघतं किंवा गुरगुरतं. झोपण्यापूर्वी मी ओठ वर करून हिरड्या बघते. त्या गुलाबी असाव्यात. हिरड्या पांढुरक्या, पोट फुगलेलं आणि कुत्रं उठायलाच तयार नाही, असं दिसलं तर आतून रक्तस्राव होत असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही.

आता कोन, म्हणजे टाके चाटता येऊ नयेत म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालायची शंकूच्या आकाराची कॉलर. यावरच सगळ्यात जास्त वाद होतात आणि यातच सगळ्यात जास्त सूट दिली जाते. ‘चाटल्याने जखम भरते’ हा समज सोडून द्यावा. खरखरीत जिभेने कडा सोलवटतात, तोंडातले जंतू आत जातात, आणि पुढच्या दातांनी टाका ओढायला कुत्र्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. कोनाची कड नाकाच्या टोकापुढे निदान दोन-तीन सेंटिमीटर यायला हवी. गळ्याशी दोन बोटं सरकतील इतपतच सैल ठेवावा. त्याहून सैल असेल तर पंजाने निघतो, घट्ट असेल तर मान घासून लाल होते. कोनाच्या गळ्याकडच्या कडेला असलेल्या फटींतून रोजचा गळपट्टा ओवला की तो फिरत नाही. मग एकच चाचणी: कुत्र्याला बसवून, आडवं करून बघायचं, कुठल्याही बाजूने जीभ टाक्यांपर्यंत पोचते का? पोचत असेल तर एक माप मोठा घ्यायचा.

सुरुवातीला कुत्रं गोठल्यासारखं उभं राहतं, दारांना धडकतं. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत सरावतात. दया येऊन मधेमधे काढला तर सरावच होत नाही. खाण्या-पिण्यासाठी कोनापेक्षा अरुंद भांडं थोड्या उंचीवर ठेवलं की तोंड पोचतं. तरीही खात नसेल तर जेवणापुरता काढावा आणि तेवढा वेळ समोरून हलू नये. रात्री तर कोन हवाच, कारण आपण झोपलेले असतो. आतली बाजू रोज पुसावी, नाहीतर लाळ आणि अन्नकणांनी हनुवटीखाली चट्टे उठतात.

हवा भरायची गोल कॉलर दिसायला सुखाची, पण लांब नाकाच्या आणि लवचिक अंगाच्या कुत्र्यांना ती पुरत नाही. पाय किंवा शेपटीवरच्या टाक्यांना तर तिचा उपयोगच नाही. पोटावरच्या टाक्यांसाठी अंगभर कपडा चांगला, पण कपड्यावरूनही चाटता येतं, आणि नराच्या लघवीने तो हमखास भिजतो. म्हणून दोन कपडे आलटून-पालटून वापरायचे आणि ओला झाला की लगेच बदलायचा. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला वेगळंच ठेवावं. आपल्या कुत्र्याला कोन घालून निर्धास्त व्हायचं आणि टाके सोबत्याने चाटून ठेवायचे, हे अगदी नेहमीचं आहे.

जखम दिवसातून दोनदा बघावी, रोज एकाच उजेडात फोटो काढून ठेवावा. नजरेला सवय होते, फोटोला होत नाही. पहिल्या दिवशी किंचित गुलाबी पाणी येणं, दोन-तीन दिवस थोडी लाली आणि सूज, हे ठीक. निळसर-जांभळा डाग पुढे पिवळट-हिरवा होतो आणि खाली सरकल्यासारखा दिसतो. साकळलेलं रक्त खालच्या बाजूला उतरतं, इतकंच. आठवड्याच्या सुमारास टाक्यांखाली कडक दोरीसारखी रेघ लागते. ती आतल्या टाक्यांभोवती भरत आलेली जागा, गाठ नव्हे.

तीन-चार दिवसांनी जखमेखाली मऊ, पाणी भरल्यासारखी, न दुखणारी फुगवटी आली तर ती बहुधा जास्त हालचालीमुळे आतल्या पोकळीत साठलेला द्रव असतो. डॉक्टरांना दाखवावी, पण दाबून किंवा टोचून रिकामी करू नये. सुई गेली की जंतूंना वाट मिळते. कुत्र्याला शांत ठेवलं तर ती बहुतेक वेळा आपोआप जिरते. नराच्या नसबंदीनंतर अंडकोषाची पिशवी थोडी सुजते. पण ती पूर्वीसारखी भरून टणक झाली तर आत रक्त साठतंय असं समजून त्याच दिवशी दाखवावं. वाढती लाली, उष्णता, पिवळा-हिरवा स्राव, वास, कडांमध्ये फट, थेंब थेंब चालू राहिलेलं रक्त, यांपैकी काहीही दिसलं तरी तेच. पोटाच्या जखमेतून आतलं काही बाहेर डोकावत असेल तर ते आत ढकलायचं नाही. सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने ओला केलेला कपडा हलक्या हाताने ठेवायचा, कोन घालायचा आणि त्याच पावली निघायचं.

जखमेवर काय लावायचं? डॉक्टरांनी दिलं नसेल तर काहीच नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशींनाच जाळतात, मलमाने जागा ओलसर राहते आणि चाटायचं निमित्त होतं. आजूबाजूला माती लागली तर सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजने टिपून घ्यावी, घासू नये. आंघोळ आणि पोहणं १० ते १४ दिवस बंद. अंथरुणावर मी फिकट रंगाची चादर घालते. स्रावाचा डाग तिच्यावर लगेच कळतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात कुत्र्याला घरातच ठेवावं, कारण माशी जखमेवर बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. सूज जास्त असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फाची पिशवी कोरड्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं जखमेशेजारी धरता येते.

वेदनेचं औषध लिहून दिलेलं तेवढंच, वजनाच्या हिशोबाने, वेळेवर. मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन ही औषधं खाणं दिल्यावर द्यायची. खाणं सुटलं, उलट्या किंवा काळी शी झाली तर पुढचा डोस न देता फोन करायचा. आपल्या कपाटातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नये. कुत्रं आधीपासून प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड घेत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं, स्टेरॉइड आणि ही वेदनेची औषधं मिळून पोटात व्रण करतात. डॉक्टर गॅबापेंटिन हे वेदनेवरचं औषध देणार असतील तर माणसांसाठीचं पातळ औषध घेण्यापूर्वी त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) नाही ना, ते बघावं. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे.

विश्रांती म्हणजे पिंजरा किंवा छोटी खोली, आणि दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटं, तेही आखूड पट्ट्याने, फक्त शी-शूसाठी. अंगणात मोकळं सोडणं यात बसत नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागे. पोटाखाली हात घालून उचललं की सगळा ताण टाक्यांवर येतो. फिरणं बंद असताना खाणं थोडं कमी करावं. कंटाळा घालवायला त्याच खाण्यातला भाग वास घेऊन शोधायला लावावा किंवा चाटायच्या चटईवर पसरून द्यावा. त्याने कुत्रं दमतं आणि उड्याही मारत नाही. तरुण, धसमुसळ्या कुत्र्याला हे पुरलं नाही तर ट्रॅझोडोनसारखं शांत ठेवणारं औषध डॉक्टरांकडे मागण्यात संकोच नको. औषधापेक्षा दुसरं ऑपरेशन महाग पडतं.

पायाला बँडेज असेल तर मधली दोन बोटं रोज बघायची. ती सुजून एकमेकांपासून फाकली असतील तर बँडेज आवळलंय. बाहेर नेताना वरून प्लास्टिकची पिशवी, आत आल्यावर लगेच काढायची, नाहीतर घामाने आतूनच भिजतं. भिजलेलं बँडेज त्याच दिवशी बदलून घ्यावं.

नायलॉनचे टाके किंवा पिना साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. आत विरघळणारे टाके काढावे लागत नाहीत. जखमेच्या टोकाशी दोऱ्याचा शेंडा दिसला तर ओढू नये. टाके निघाल्यावर जागा खाजते, केस उगवताना तर जास्तच, म्हणून कोन आणखी एक-दोन दिवस राहू द्यावा. आंघोळही त्यानंतरच. चालणं रोज थोडं थोडं वाढवत न्यायचं, धावणं आणि उड्या शेवटी. हाडाचं किंवा सांध्याचं ऑपरेशन असेल तर हा हिशोब लागू नाही. तिथे कातडी भरली तरी हाड जुळायला आठवडे लागतात आणि पट्टा कधी सोडायचा ते एक्स-रे बघूनच ठरतं.