एसी लावला की काटा वर

माझी गाडी १६ वर्षांची. एसी बंद ठेवून दिवसभर पळवली तरी टेंपरेचरचा काटा मधोमध चिकटलेला. एसी लावून मोकळ्या रस्त्याने गेलं तरी काही नाही. पण एसी चालू ठेवून सिग्नलला किंवा कोंडीत पाच-सात मिनिटं अडकलं, की काटा हळूच वर सरकायला लागायचा. एसी बंद केला की दोन-तीन मिनिटांत गुमान खाली. म्हणजे भर उन्हात एसी खरोखर हवा असताना तो बंद करायचा, काचा खाली करायच्या आणि घाम पुसत बसायचं.

आधी मी अंदाजाने पार्ट बदलले. कूलंट नवं भरलं, सिस्टिममधली हवा काढली. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप, तोही बदलला. रेडिएटरचं झाकण बदललं, त्याचं मात्र वाईट वाटत नाही. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असं कूलंट उघड्यावर साधारण १०६ अंशांना उकळतं, ०.९ बारचं झाकण दाब नीट धरत असेल तर हाच आकडा १२५च्या आसपास जातो. माझ्या झाकणाचं रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या होत्या, त्यामुळे ते बदलायलाच हवं होतं. काटा मात्र आपला तसाच.

मग मेकॅनिकने मान हलवत सांगितलं, "हेड गॅस्केट असणार. इंजिन उघडून बघू." हे गॅस्केट म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील, ते गेलं की कूलंट, ऑइल आणि ज्वलनाचा वायू एकमेकांत मिसळू शकतात. इथे मी अडलो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नव्हती, डिपस्टिक स्वच्छ होती, रिझर्व्ह टाकीतली पातळी महिनाभर रेषेवरून हलली नव्हती. तरी खात्री म्हणून कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू येतोय का ते शोधणारी चाचणी करायला लावली. त्यातलं निळं द्रावण वायू आला की पिवळं पडतं. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, निळं ते निळंच. शिवाय गॅस्केट गेलेलं इंजिन चढावर किंवा भरधाव जातानाही तापलं असतं, फक्त एसी लावून उभं राहिल्यावर नाही.

त्या रात्री गाडीपुढे बसून नुसता विचार केला. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. आतल्या केबिनमधून काढलेली सगळी उष्णता तो तिथेच सोडतो, आणि ती गरम झालेली हवा मग रेडिएटरमधून जाते. वर कॉम्प्रेसरचं ओझंही इंजिनवरच. गाडी पळत असताना समोरून वारा मिळतो, म्हणून निभतं. उभ्या गाडीला वारा देणारा एकच, तो म्हणजे फॅन. पळताना तापत असती तर मी रेडिएटरच्या नळ्या चोंदल्यात का, वॉटर पंपाची पाती झिजलीत का, ते बघितलं असतं. इथे प्रश्न पाण्याचा नव्हता, वाऱ्याचा होता.

पण "फॅन फिरतोय की!" हे मला तिघांनी सांगितलं होतं, आणि फॅन खरंच फिरत होता. आधी आकडे बघितले. डॅशबोर्डवरचा काटा मोठ्या पट्ट्यात मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, त्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरमधून कूलंटचं खरं तापमान आकड्यात दाखवणारा स्कॅनर लावला. चालत्या गाडीत ८९. उभी, एसी बंद : ९६ला फॅन सुरू, ९१ला बंद, पुन्हा तेच. उभी, एसी चालू : फॅन सतत चालू, तरी ९८, १०१, १०४, १०७. तिथे मीच घाबरून बंद केला.

मग वहीचा एक कागद फाडून समोरच्या जाळीवर धरला. चांगला फॅन कागद ओढून धरतो. माझा कागद जरा चिकटला, थरथरला आणि सावकाश घसरून बंपरवर पडला.

मल्टिमीटर घेऊन फॅनचा प्लग काढला, मोजलं : १४.१ व्होल्ट. सप्लाय पूर्ण, म्हणजे मोटरच गेली, असं म्हणून नवी मोटर शोधायलाही लागलो होतो. पण प्लग काढून मोजलं तर तारेतून करंटच जात नाही, आणि मग गंजलेली तारसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. प्लग जागेवर ठेवून, फॅन फिरत असताना मागून पिना टोचून मोजलं तेव्हा १०.८. सव्वातीन व्होल्ट वाटेतच गडप. बॅटरीच्या निगेटिव्हपासून फॅनच्या निगेटिव्हपर्यंत मोजलं तर त्यातले २.७ एकट्या अर्थिंगमध्ये. ही अर्थिंगची तार हेडलाइटच्या मागे बॉडीला एका बोल्टने कसलेली होती. बोल्ट सोडवला तर खाली हिरवट-पांढरी पूड, आणि लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, इतका सडलेला की बोटाने तुटला. नवा लग लावला, पत्रा चमकेपर्यंत घासला, बोल्ट कसून वर ग्रीस लावलं. आता फॅनवर १३.४. आवाजच बदलला, आधीची गुणगुण जाऊन घोंगावणं आलं.

तरी स्कॅनर १०१ दाखवत होता. सुधारणा होती, पण समाधान नव्हतं. रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट सोडवून तो जरासा मागे झुकवला आणि कंडेन्सर आणि त्याच्या मधल्या फटीत टॉर्च मारला. पुढून बघताना कंडेन्सर स्वच्छ दिसायचा, कारण मी दर वेळी पुढूनच धुवायचो. फटीत मात्र धूळ, पानांचे तुकडे, किडे आणि कापसासारखा काहीतरी लोंबता मळ यांची चटई तयार झाली होती. मधे हात घालून ओढली तर सलग पट्टा निघाला, वाळलेल्या ब्लँकेटसारखा. उरलेलं साध्या पाइपच्या पाण्याने इंजिनच्या बाजूने बाहेर धुतलं. जोरदार फवारा मारला असता तर पातळ पत्र्याच्या पट्ट्या आडव्या झाल्या असत्या.

पुन्हा उभी गाडी, भर दुपार, एसी पूर्ण. ४० मिनिटं बसलो. ९२ ते ९४, त्याच्या वर गेलाच नाही. एसीही आधीपेक्षा गार वाटायला लागला. साहजिकच होतं, कंडेन्सरलाही तोच वारा मिळत होता.

काढून ठेवलेला जुना थर्मोस्टॅट नंतर एका भांड्यात पाणी तापवून त्यात सोडला. ८२ला उघडायला सुरुवात, ९५ला पूर्ण उघडा. म्हणजे अगदी ठणठणीत होता. डिकीत ठेवलाय.