गोधडीच्या टिपेसाठी सुती दोरा की पॉलिस्टर? माझा अनुभव

मशीनवर गोधडीला टीप घालण्यापूर्वी दोऱ्याचा प्रश्न मी आधी मजबुतीच्या अंगाने पाहिला. त्याचे उत्तर सरळ होते: तेवढ्याच जाडीच्या सुती दोऱ्यापेक्षा पॉलिस्टरचा दोरा सहसा बळकट असतो. पण गोधडीतल्या टिपेला तिन्ही थर (वरचे कापड, भरण आणि अस्तर) एकत्र धरून ठेवण्यापलीकडे फारसे बळ लागत नाही, त्यामुळे निवड दुसऱ्याच कसोटीवर करावी लागणार होती. म्हणून दोन्ही दोरे ५० नंबरचे घेतले (नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो) आणि गोधडीच्याच कापडाच्या, त्याच भरणाच्या तुकड्यांवर चालवून पाहिले.

सरळ रेषांत फरक जाणवला नाही. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करून कापड हाताने फिरवायला लागल्यावर मात्र सुती दोरा वळणांवर तुटू लागला, कारण टाक्यात बसण्यापूर्वी दोऱ्याचा प्रत्येक भाग सुईच्या नेढ्यातून कित्येकदा मागेपुढे घासला जातो. ८० नंबरच्या सुईऐवजी मोठ्या नेढ्याची ९० नंबरची सुई लावली, वेग कमी केला, तेव्हा तुटणे थांबले. तरीही बॉबिनच्या पेटीत करड्या तुसाची गादी साचतच होती आणि ती ब्रशने वरचेवर काढावी लागे. पॉलिस्टरने तूस जवळजवळ धरलेच नाही. त्याची खोड वेगळी. तो ताणला जातो आणि टाका पडल्यावर आखडतो, त्यामुळे वरच्या दोऱ्याचा ताण (टेन्शन) सैल करेपर्यंत कापडाला चुण्या पडत राहिल्या. (हाताने टाके घालण्यासाठी मिळणारा लेप चढवलेला सुती दोरा मशीनला लावूच नये, कारण तो लेप टेन्शनच्या चकत्यांवर बसतो.)

इस्त्रीची धास्ती मला फारशी नव्हती. पॉलिस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते आणि सुती कापडाची इस्त्री त्याहून बरीच खाली चालते.

खरा निर्णय तुकडे धुतल्यावर झाला. सुती टीप कापडाबरोबर किंचित आटली आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्या बारीक, मऊ सुरकुत्या उमटल्या, ज्यांच्यासाठी मी गोधडी करते. पॉलिस्टरची टीप मात्र चमकत वेगळी उठून दिसत होती. ही गोधडी त्यामुळे सुती दोऱ्यानेच पुरी केली. दाट नक्षीची, सतत धुतली जाणारी पांघरुणे मी अजूनही पॉलिस्टरनेच शिवते, फक्त रीळ बिनचमकीचे निवडते.