ब्युरेट फुटली तरी स्टँड परत आला पाहिजे

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी रावेरला एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीत संगणकासमोर बसलो होतो, आणि ज्या अडचणीने तीन दिवस घेतले होते तिचे उत्तर मला आपल्या प्रयोगशाळेच्या नोंदवहीत सापडत होते. म्हणून तेवढेच लिहितो.

दहावीत प्रयोगाच्या तासाला माझ्या हातून ब्युरेट, म्हणजे स्टँडला क्लॅम्पच्या चिमट्याने उभी लावायची काचेची मोजनळी, फुटली. घाबरून मी सगळे तसेच टाकून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी नोंदवही माझ्यासमोर ठेवली. माझ्या नावापुढे ब्युरेट, स्टँड आणि क्लॅम्प अशा तीन नोंदी होत्या आणि ‘परत’ हा रकाना तिन्ही ठिकाणी कोरा होता. फुटलेल्या काचेबद्दल सर एक शब्दही बोलले नाहीत. ते म्हणाले, “ब्युरेट फुटली, ठीक आहे. पण स्टँड का अडकवून ठेवलास? दुसऱ्या तुकडीला काल एक स्टँड कमी पडला.”

पेढीची अडचण अशी होती. मे महिन्यात केळीची कापणी जोरात असताना, सकाळी सातपासून काट्यावरच्या वजनपावत्या सुरळीत निघत आणि दुपारी दोनच्या सुमारास सगळ्या खिडक्यांवर ‘फार जोडण्या झाल्या आहेत’ या अर्थाचा संदेश येऊन काम थांबे. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की गाडी रुळावर येई. दुपारीच बिघाड होतो म्हणून उन्हाने यंत्र तापत असावे, असे मुनीमजींना वाटले, आणि खानदेशातला मे पाहता त्यांचे चुकले असेही म्हणता येणार नाही. त्यांनी सर्व्हरच्या खोलीत कूलरही बसवून घेतला होता.

पावत्यांच्या नोंदी साठवणारा डेटाबेस मायएसक्यूएल या प्रणालीचा होता. त्यात एका वेळी 151 कनेक्शनची, म्हणजे प्रोग्रॅमने डेटाबेसशी केलेल्या जोडण्यांची, मर्यादा मुळातच घातलेली असते आणि प्रशासकासाठी एक जागा वेगळी राखलेली असते. त्या जागेवरून मी आत शिरलो. ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा दिल्यावर पडद्यावर ओळीमागून ओळ ‘स्लीप’ अशी आली. काम कोणीच करत नव्हते, पण जागा सगळ्यांनी धरून ठेवल्या होत्या. वेळेच्या रकान्यात काहींपुढे वीस हजारांहून अधिक सेकंद होते, म्हणजे सकाळी उघडलेले कनेक्शन दुपारपर्यंत तसेच पडून होते. मायएसक्यूएल असे निजलेले कनेक्शन स्वतःहून तोडतो, पण मूळ मांडणीत 28,800 सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी. त्यामुळे रात्रीतून यादी रिकामी होई आणि सकाळी सगळे निरोगी दिसे.

मर्यादा वाढवावी किंवा आठ तासांचे दहा मिनिटे करावेत, असा सल्ला मिळाला. दोन्ही मी नाकारले, कारण प्रत्येक कनेक्शन सर्व्हरची मेमरी खाते, आणि शिवाय गळती कुठे आहे हे शोधण्याची खूणच त्यामुळे नाहीशी झाली असती. मी एकेक काम करून पाहिले आणि प्रत्येकाच्या आधी व नंतर कनेक्शन मोजली. पावती नीट निघाली की आकडा जागेवर राही. ट्रॅक्टरचा नंबर रिकामा सोडून बटण दाबले, चूक दाखवणारी खिडकी आली, आणि आकडा एकाने वाढला. पुन्हा दाबले, पुन्हा एकाने वाढला. काट्यावर रांग लागली असताना नंबर राहून जाणे दिवसभर चालूच असते, आणि सर्व्हरवरचा तो प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असल्याने अडकलेले कनेक्शन त्या आठ तासांच्या आत आपोआप सुटण्याचीही सोय नव्हती.

आता कोड उघडला. जुन्या वळणाचा जावा प्रोग्रॅम होता आणि ‘कनेक्शन बंद होतेच’ हे आधीच्या माणसाचे म्हणणे वरवर खरे होते: काम झाले वा बिघडले तरी शेवटी चालणाऱ्या ‘फायनली’ भागात तीन ओळी होत्या. आधी निकालसंच (डेटाबेसकडून आलेले उत्तर) बंद करायचा, मग स्टेटमेंट (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), मग कनेक्शन. परंतु नंबर रिकामा असला की प्रश्न डेटाबेसकडे जातच नसे, निकालसंच तयार होत नसे, आणि जे नाहीच ते बंद करू पाहणारी पहिली ओळ स्वतःच कोसळे. तिच्याखालच्या दोन ओळींपर्यंत प्रोग्रॅम पोहोचतच नव्हता. ब्युरेट फुटली होती आणि म्हणून स्टँडही टेबलावरच राहिला होता.

जावाच्या 2011 साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून यावर चांगली सोय आहे. ‘ट्राय’ या आज्ञेच्या कंसातच तिन्ही गोष्टी उघडायच्या, मग काम नीट होवो वा मध्येच मोडो, त्या उलट क्रमाने बंद होतात, जी उघडलीच नाही ती वगळली जाते, आणि एक बंद होताना अडखळली तरी बाकीच्या थांबत नाहीत. माझ्या मते घेतानाच परत करण्याची व्यवस्था लिहून ठेवण्याची ही रीत सरांच्या नोंदवहीइतकीच पक्की आहे. मी पावतीचा तो भाग तसा लिहून काढला, आणि त्याच साच्यातून उतरवलेले हिशेबाचे आणखी चार भागही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मुनीमजींना शेजारी बसवून यादी काढली. ओळी अकरा होत्या. नंबर रिकामा ठेवून त्यांनी स्वतः पाच वेळा बटण दाबले, आणि मग पुन्हा मोजल्या. अकराच होत्या.